डेलचा पट्टा

मिसिसिपी, रस्त्यावर
२४ जानेवारी १९९४

नेल्डा,

गाडी चालूच ठेवली आहे, हीटरसाठी. डेल आत आहे. स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर हललेलं दिसेल. आमच्यासारखीच इथल्या पोराला आपल्या फुटबॉल संघात घ्यायला आलेली दुसऱ्या एका कॉलेजची माणसं आत्ताच या घरातून बाहेर पडली. त्यांच्यातल्या एकाने जाताना मला हात केला. चेहरा ओळखीचा होता. कुठल्या तरी गावात आपण त्याच्या बायकोला पलंग विकला होता. गाव आठवत नाही, पलंग आठवतो.

दोघंही आत गेलो असतो तर पोराच्या आईवर दडपण आलं असतं. म्हणून मी बाहेर थांबलो. कल्पना डेलची आणि ती बरोबर आहे. पोरगा दारातून वाकून जातो एवढा उंच आहे, पण पाय हलके. त्याच्या सामन्यांची फिल्म मीच पाहिली. दोन वर्षांत पुढच्या फळीत उभा राहील. डेलला मी हे सांगायला लागलो तर म्हणाला, "कोच, पायांचं मी बघतो. आईला काय आवडतं ते सांगा." मी सांगितलं, चर्च. डेलने गाडीतच टाय बदलला.

माझ्या हाताखाली खेळायचा तेव्हाचा तुला तो आठवतो तसा आता राहिलेला नाही. मान जाड झाली आहे. चौतिसाव्या वर्षी जो मुख्य कोच होतो त्याची मान जाड होणारच. पण दार उघडून आत जाण्याआधी बूट पायपुसण्यावर दोनदा पुसतो, ते अजून तसंच. ते तू शिकवलंस.

तू विचारलंस, पद काय. पद ठरतंय. नवीन माणूस आला की पहिला महिना सगळं हवेत असतं, हे मी तुला सांगायला नको. पुढच्या फळीला शिकवणं माझ्याकडे आहे असंच समज.

थांब. दार उघडलं.

आई बाहेर आली होती. हातात प्लेट, वर फॉइल. काचेवर टकटक करून म्हणाली, "तुमचे साहेब म्हणतात तुम्हाला भूक नसते. असं कुठे माणूस असतं का?" चवळी, डुकराचं मांस, मक्याचा पाव. तिला मी ड्रायव्हर वाटलो. तिला काही बोलून दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता, हात गार पडले असते तिचे. प्लेट चांगली जड आहे, निळ्या काठाची. मी अर्धं खाल्लं तोवर डेल आला आणि आम्हाला निघावं लागलं. प्लेट माझ्या मांडीवरच राहिली.

तिकडच्या आपल्या घराला गिऱ्हाईक आलं का? आलं तर घाई करू नकोस. काचसामानाची खोकी जशी आहेत तशीच असू देत. उघडायची तर इथेच उघडशील.

हॉलिस


पेल्टन, अलाबामा
२ फेब्रुवारी

नेल्डा,

आज सह्यांचा दिवस. उजाडल्यापासून फॅक्सचं मशीन चालू आहे. पोरं आपापल्या शाळेत टेबलापाशी बसतात, निवडलेल्या कॉलेजची टोपी घालतात, करारावर सही करतात, आई रडते, आणि कागद इथे येतो. कागद आला की किप घंटा वाजवतो. किप लँड्रेथ, तरुण आहे, फळीच्या कामात मदत करतो. मला आजोबा म्हणतो. प्रेमाने.

डेलने संघात जागा होत्या त्यापेक्षा जास्त पोरांना शब्द दिला होता. सगळेच देतात. काही पोरं शेवटच्या क्षणी दुसरीकडे जातात, तो हिशेब धरावा लागतो. या वेळी कोणीच गेलं नाही. डेल माझ्या टेबलापाशी आला, नावांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "कोच, हे फोन तुम्ही करा. तुमचा आवाज म्हातारा आहे. म्हाताऱ्या आवाजावर लोक ओरडत नाहीत."

खरं आहे. कोणी ओरडलं नाही.

मिसिसिपीच्या त्या घरी फोन आईनेच उचलला. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. ती म्हणाली, तो कपडे घालून बसलाय, शाळेतून मास्तर आलेत, केक आणलाय. मी म्हटलं, बाई, यंदा जागा नाही. मागे कोणीतरी हसत होतं. मग तिने विचारलं, "तुम्ही ते गाडीतले ना?"

मी हो म्हटलं.

"माझी प्लेट राहिली तुमच्याकडे."

मी म्हटलं, उद्याच पाठवतो.

"नको. राहू दे. रोज तिच्यातच जेवा."

तिने फोन ठेवला नाही, नुसता बाजूला ठेवला. मला ती खोलीत जाताना ऐकू आली. मग मीच ठेवला.

असा पोरगा उपाशी राहत नाही. एखादं लहान कॉलेज त्याला आठवड्यात उचलतं. उचललं असेल. तू म्हणशील, चौकशी केलीस का. नेल्डा, चौकशी करायची तर सगळ्यांचीच करावी लागेल.

मोटेलच्या खोलीत एक गॅस आणि एक पातेलं आहे. प्लेट नव्हतीच. तीच वापरतो.

हॉलिस


पेल्टन
१६ मे

नेल्डा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहिल्यास आणि त्यातल्या दोन नळाबद्दल. तरी लिहिलंस.

खोली मिळाली आहे. खिडकी नाही, पण टेबल आहे आणि फिल्म लावायचं यंत्र आहे. दारावरची पाटी अजून यायची आहे. नावाच्या पाट्या बनवणारा माणूस इथे वर्षातून एकदाच येतो म्हणे.

वसंतातला सराव संपला. शेवटच्या दिवशी डेलने सगळ्या कोचना आणि देणगीदारांना जेवायला बोलावलं आणि भाषण केलं. आपल्या आर्कान्सातल्या दोराची गोष्ट सांगितली. आठवतो ना दोर? फळीतल्या पोराच्या कमरेला बांधायचा, टोक माझ्या हातात, आणि पोराने खाली वाकून, जमिनीलगत, मला ओढत न्यायचं. डोकं वर आलं की मी झटका द्यायचो. डेलचं डोकं फार वर यायचं. एका ऑगस्टमध्ये त्याच्या कमरेला सगळीकडून सालपट निघालं होतं. रविवारी तो आपल्याकडे जेवायला आला तेव्हा बसता येईना. तू त्याला बर्फ दिलास आणि पूर्ण जेवणात माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. तुला वाटलं होतं माझ्या लक्षात आलं नाही.

डेलने हे सगळं सांगितलं. बर्फासकट. वर म्हणाला, "तो दोर नसता तर मी आज गावच्या पंपावर पेट्रोल भरत असतो." लोक खूप हसले. देणगीदारांपैकी एकाने येऊन माझा हात हातात घेतला. मीही तेच म्हणतो. ज्याला मी ओढलं तो उभा राहिला. ज्यांना ओढलं नाही त्यांची नावं मला आठवत नाहीत.

नंतर डेलने हंगामाची कामं वाटली. माझ्याकडे आठवडाभर फिल्म आहे, आणि सामन्याच्या दिवशी बाजूरेषेवर एक काम आहे. महत्त्वाचं आहे. प्रत्यक्ष भेटलो की सांगेन, कागदावर ते नीट उतरणार नाही. डेल म्हणाला, "हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही, कोच. तुम्हाला सवय आहे."

आणि महत्त्वाचं. किप डिसेंबरात जाणार आहे, टेक्ससमध्ये त्याचं जवळजवळ ठरलं आहे. डेलने मला बाजूला घेऊन सांगितलं, फळी तुमची. असा शब्द त्याने सगळ्यांसमोर देणं बरं दिसलं नसतं. म्हणजे जानेवारीपासून माझी. तू म्हणाली होतीस की ज्या गावात माझ्या नावाची पाटी दारावर लागेल आणि ती दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहील, त्या गावात खोकी उघडेन. मी ते विसरलेलो नाही. ओकलाहोमात तू एक खोकं उघडलं होतंस, मी संघाच्या सगळ्या आक्रमणाचा प्रमुख होतो त्या वर्षी. जानेवारीत नोकरी गेल्यावर मी ते परत बांधत होतो तेव्हा बशी फुटली. तू म्हणालीस, बरं झालं, एक कमी.

या वेळी मी एकही खोकं बांधणार नाही.

हॉलिस


पेल्टन
१२ सप्टेंबर

नेल्डा,

तर तू पाहिलंस.

पहिलाच सामना टीव्हीवर दाखवतील असं वाटलं नव्हतं. आणि दाखवला तर कॅमेरा चेंडूमागे असेल असं वाटलं होतं. तुझ्या बहिणीकडे, व्हरलीनच्या घरी सगळे जमलात हेही मला माहीत नव्हतं. ती जे बोलली ते तू जसंच्या तसं लिहिलंस: "हॉलिसला कुत्रं फिरवायचं काम मिळालं, फक्त दोघांतलं कुत्रं कोण ते कळेना." चांगलं बोलते ती. नेहमीच चांगलं बोलायची.

आता सांगतो. मैदानाच्या कडेला पांढरा पट्टा असतो, त्याच्या आत कोचने पाय टाकायचा नाही. एकदा ताकीद देतात. पुढे पंधरा यार्डांचा दंड, म्हणजे चेंडू तेवढा आपल्या खांबांकडे सरकवतात. पंचाच्या अंगावर गेलं तर ताकीद वगैरे काही नाही, थेट पंधरा यार्ड. डेल तापट आहे. त्याला खेळ सुरू असताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून एक माणूस त्याच्या मागे उभा राहतो आणि त्याच्या कमरेचा पट्टा धरतो. तो पुढे गेला की मागे ओढतो. प्रत्येक कॉलेजात असा माणूस असतो. बहुतेक ठिकाणी तो व्यायामशाळेतला असतो, तरुण असतो, एवढाच फरक.

हे नुसतं धरणं नव्हे. दोन बोटं चामड्याच्या आतून घालायची, अंगठा बाहेर. वजन टाचांवर. पट्टा सारखा ताणून धरायचा नाही, नाहीतर तो चिडतो. सैल ठेवायचा, आणि त्याचा खांदा हलण्याआधी ओढायचं. खांदा कधी हलणार हे कळायला त्याला लहानपणापासून ओळखावं लागतं. मी हातमोजे घालतो, चामड्याचे, तळव्यावर रबर असलेले. घाम आला, पाऊस आला, काही सुटत नाही.

तू विचारलंस, मग फळी कोणाकडे. किपकडे. आधीपासून किपकडेच. जानेवारीत मी लिहिलं होतं की असं समज. तू समजलीस, यात माझं खोटं काय?

डेल आता मला हॉलिस म्हणतो. बाजूरेषेवर 'कोच' अशी हाक मारली तर सगळेच वळून बघतात, म्हणून असेल.

हॉलिस


पेल्टन
२४ ऑक्टोबर

नेल्डा,

उत्तर नाही. ठीक आहे.

आम्ही हरतोय. शनिवारी हरलो की रविवारी चिडलेल्या लोकांनी, गाव सोडा म्हणून, डेलच्या अंगणात 'घर विकणे आहे'च्या पाट्या रोवलेल्या असतात. सुझेट, डेलची बायको, चर्चला जाण्याआधी त्या उपटते आणि गॅरेजमध्ये नीट रचून ठेवते. म्हणते, लाकूड चांगलं आहे. तुझ्या अंगणात एकदा रोवली होती तेव्हा तू ती तशीच राहू दिलीस आणि तिच्यावरच्या फोन नंबरला फोन केलास. मला ते अजूनही विनोदी वाटत नाही.

परवा आमच्याच मैदानावर, आमच्याच विद्यार्थ्यांनी माझ्यासाठी घोषणा काढली. "आजोबा, सोडा त्याला. आजोबा, सोडा त्याला." ढोलावर. एकाने कुत्र्याची साखळी आणली होती. डेलने ऐकलं, मागे वळला, मी पट्टा धरलेला असतानाच प्रेक्षकांकडे बघून वाकला आणि दोनदा भुंकला. पोरं खदखदून हसली. महिन्याभरात ती पहिल्यांदाच हसली. म्हणून मीही हसलो. मी हसताना दिसलो असेन टीव्हीवर.

ओढलं की तो टाच मारतो, मागे न बघता. नडगी काळीनिळी आहे. त्याच्या लक्षातही नसतं. किपने पाहिलं आणि एक फळकूट आणून दिलं, पायमोज्यात घालायला. किप वाईट नाही. त्याच्या बायकोला जानेवारीत बाळ व्हायचंय. या अवस्थेत टेक्सस कसं झेपणार असं मी विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "कुठलं टेक्सस, आजोबा?"

तरुण माणसं आपलं ठरलेलं लपवतात. मीही लपवायचो.

शेवटचा सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. तो जिंकला तर डेलला आणखी एक वर्ष मिळेल, असं देणगीदारांनी सांगितलं आहे. डेल राहिला तर फळी माझी. डेल गेला तर त्याच्यामागे आम्ही सगळे, खोलीतल्या केराच्या डब्यापर्यंत. तू हे दहा गावांत पाहिलं आहेस. एक शनिवार, नेल्डा. तेवढा धरून ठेवायचा आहे.

हॉलिस


पेल्टन
२४ नोव्हेंबर

नेल्डा,

आज थँक्सगिव्हिंग. सगळे कोच डेलकडे जेवायला होते, बायकापोरांसह. मी एकटाच एकटा. सुझेटने मला मुलांच्या टेबलाच्या टोकाला बसवलं, मोठ्यांच्या टेबलावर खुर्ची नव्हती. टर्की कोरडी होती.

जेवण झाल्यावर मी प्लेटा गोळा करून स्वयंपाकघरात नेल्या. डेल तिथे उभा राहून हाडावरचं मांस सोडवत होता. बरी वेळ वाटली. मी म्हटलं, कोच, शनिवारी जिंकल्यावर फळीचं जाहीर करशील तेव्हा किपशी आधी बोल, त्याला बाहेरून कळायला नको.

डेल म्हणाला, "कशाचं?"

मी आठवण करून दिली. मे महिना, जेवण, बाजूला घेऊन.

"अरे, ते होय." तो सुरी पुसत होता. "तसं मी सगळ्यांनाच सांगतो, हॉलिस. त्याशिवाय नोव्हेंबरपर्यंत टिकतं कोण?"

मी म्हटलं, माझी बायको त्या शब्दावर थांबली आहे.

त्यावर तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सुझेट दारात आली होती, म्हणाली, डेल, पुरे. तो म्हणाला, "पुरे काय? माहीत असायला पाहिजे त्याला." मग माझ्याकडे वळला.

"तुला काय वाटलं, तुझं काम बघून घेतलं मी तुला? गेल्या डिसेंबरात मिस नेल्डाचा फोन आला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी विचारलं, मॅडम, त्याला देऊ काय? आता त्याला येतं काय? म्हणाल्या, काहीही दे. तो काहीही धरून ठेवतो. फक्त इकडे परत पाठवू नकोस."

सुझेटने नळ सोडला. मी प्लेटा सिंकमध्ये ठेवल्या. डेलने मांसाचा एक तुकडा सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरला. "घे," म्हणाला, "हा ओला आहे."

मी घेतला. खरंच ओला होता.

म्हणजे घराला गिऱ्हाईक आलंच नाही असं तू वर्षभर लिहीत होतीस, तेव्हा घर विकायला काढलंच नव्हतंस. मी आज मोटेलवर परत येताना हे लावून पाहिलं. नळ दुरुस्त केलास. विकायच्या घराचा नळ तू कधी दुरुस्त केला नाहीस.

खोक्यांचं काय केलंस? उघडलीस का, माझ्याशिवाय?

हॉलिस


पेल्टन
२६ नोव्हेंबर, संध्याकाळ

नेल्डा,

टीव्हीवर पाहिलं असशीलच. तरी लिहितो, कारण टीव्हीवर माझी पाठ दिसली असणार.

शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. चेंडू त्यांच्याकडे होता. लाथेने खांबांमधून मारून तीन गुण घ्यायला ते फार लांब होते. त्यांनी एक लांब फेक केली, त्यांचा पोरगा बाजूरेषेला लागून पडला, आणि पंच म्हणाला, झेल धरला. झेल नव्हता. चेंडू आधी गवताला लागला होता. मी तिथेच होतो, पाहिला. तरीसुद्धा ते लांबच होते. आम्हाला काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

डेलचा खांदा हलायच्या आधी मला कळलं. ते मला नेहमीच कळतं.

पट्टा सुटला.

हे मी डेलला सांगितलं, वर्तमानपत्राच्या माणसाला सांगितलं, आता तुला सांगतो. हात गार पडले होते. आज इथे वारा फार होता.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही, तुला सांगतो, कारण तुला दोर आठवतो. सरावात दोर अचानक सोडला की पोरगा तोंडावर पडायचा, मागच्या ओढीवरच त्याने अंग टाकलेलं असायचं. डेलचंही तसंच झालं. पहिल्या पावलाला तो अडखळला. मागे कोणी नाही हे त्याच्या अंगाला कळेना. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पुन्हा धरता आला असता. माझा हात तिथेच होता, उघडा, त्याच्या पाठीपासून वीतभर. त्याने माझा हात पाहिला. मग तो पंचाकडे धावला आणि छातीने त्याला धडकला, इतक्या जोरात की पंचाची टोपी उडाली.

पंधरा यार्ड. आता ते लांब नव्हते. त्यांच्या लाथ मारणाऱ्या पोराने दोन पावलं मागे घेतली आणि चेंडू खांबांच्या मधोमध घातला. एका गुणाने हरलो.

विद्यार्थ्यांनी घोषणा दिली नाही. ढोलही नाही. साखळीवाला पोरगा साखळी हातात धरून नुसता उभा होता.

आत जाणाऱ्या बोगद्यात डेलने मला भिंतीशी गाठलं. मारेल असं वाटलं. हळू आवाजात म्हणाला, "तू सोडलंस."

मी म्हटलं, हात गार पडले, कोच.

त्याने माझे हातमोजे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "सुझेटने पोरांच्या शाळेची फी भरली आहे इथे." एवढंच. कमरेवरचा पट्टा त्याने वर ओढला, शर्ट खोचला, आणि हरलेल्या कोचने जिथे बोलायचं असतं त्या खोलीत गेला. दाराशी बूट पायपुसण्यावर दोनदा पुसले.

किप बाकावर बसून होता. मला आजोबा म्हणाला नाही. त्याची बायको वर प्रेक्षकांत उभी होती, कोटाची बटणं आता लागत नाहीत तिच्या. ती हात हलवत होती, तो खाली बघत होता. फळीतली पोरं रडत होती. त्यांतल्या एकालाही मी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे कोणापाशी जाऊन बसावं ते कळेना.

तू डेलला सांगितलंस, तो काहीही धरून ठेवतो. नेल्डा, अठ्ठावीस वर्षं तू माझ्याजवळ होतीस आणि एवढंही तुला नीट माहीत नाही.

हॉलिस


२७ नोव्हेंबर

रविवार. सकाळी आठ वाजता डेलला काढलं. नऊ वाजता आम्हा सगळ्यांना. किल्ल्या एका खोक्यात टाकायला सांगितल्या, टाकल्या. माझ्या दारावर पाटी लागलीच नव्हती, त्यामुळे काढायला काही नव्हतं. किप गाडीत बसून बायकोला सांगत होता. काच बंद होती. सुझेट अंगणात उभी होती, आज पाटी रोवलेली नव्हती, गॅरेजमधून एक आणून ती स्वतःच रोवत होती. सामान गाडीत भरलं, टाकी भरली आणि पश्चिमेचा रस्ता धरला. कालचं पत्र टपालात टाकलेलं नाही. सगळी पत्रं तुला टपालाने मिळाली, हे हातात देतो. संध्याकाळपर्यंत पोचतो. निळ्या काठाची एक प्लेट माझ्याजवळ आहे, खोक्यातून तुझ्यापुरत्या काढून ठेव.